भट्टीमागचे चार पाइप

१४ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार करते, पण डोक्याला हात लावून. परसात तू बसवलेली ती लाडकी वस्तू भट्टी आहे की बकासूर, हे आधी सांग.

हे होते तोवर मी तिच्या वाटेला कधी गेलेच नाही. मी उठायच्या आत हे बाहेर जाऊन लाकडं घालून यायचे, संध्याकाळी पुन्हा एकदा. भट्टीत पाणी तापायचं, जमिनीखालच्या पाइपांतून घरात यायचं, खोल्या उबदार व्हायच्या आणि पार्लरमध्ये बायकांची डोकी धुवायला नळ सोडला की कढत पाणी. यापलीकडे मी कशाला विचार करतेय? एप्रिलमध्ये हे गेले. उन्हाळाभर भट्टी थंड होती. आता हा माझा एकटीचा पहिला हिवाळा.

परवा सहज लाकडांची रास बघायला गेले आणि मटकन खालीच बसले. न्हाणीघराच्या भिंतीपासून थेट फाटकापर्यंत, माझ्या छातीइतकी उंच रास ह्यांनी रचून ठेवली होती. तिचा तिसरा हिस्सा गायब! अजून बर्फ नुसतं भुरभुरतंय रे, खरी थंडी पुढेच आहे. मला वाटलं चोरी होतेय. दोन दिवस पडद्याआडून पाळत ठेवली. चोर सापडला, तो म्हणजे मीच. रोज हातगाडी भरभरून त्या तोंडात घालतेय आणि ते तोंड काही मिटत नाही.

नर्सबाई केस सारखे करून घ्यायला येतात ना, त्या म्हणाल्या, "माझ्या बहिणीकडे अशीच भट्टी आहे. घर तुमच्याहून मोठं, लाकूड तुमच्या निम्मं." मी कात्री हातात धरून तशीच उभी. वर म्हणतात कशा, "भिंतीपलीकडे तुमच्या थोरल्या जाऊबाई राहतात ना? त्या काय जाळतात ते विचारा की." मी म्हटलं, बाई, मान सरळ ठेवा, कान कापला जाईल. त्या घराचं नाव माझ्यासमोर कुणी काढत नाही. अकरा वर्षांत काढलेलं नाही.

असंच चाललं तर जानेवारीतच लाकूड संपेल. ऐन थंडीत वाळलेलं लाकूड कुणी देत नाही, आणि पार्लर बंद पडलं तर मी खाऊ काय? भट्टी तू बसवलीस, तेव्हा इलाजही तूच सांग. बॉयलरच्या कारखान्यात हातोडे ऐकून ऐकून तू ठार बहिरा झालास, नाहीतर फोनवरच फैलावर घेतलं असतं.

तुझी धाकटी


२० नोव्हेंबर

धाकटे,

आशीर्वाद. पत्र वाचून आधी खूप हसलो. मग जावईबापूंशिवाय तू एकटी हातगाडी ढकलतेयस हे डोळ्यांसमोर आलं आणि हसू गेलं.

आता नीट ऐक. धूर म्हणजे न जळताच उडून गेलेलं लाकूड. तुझ्या चिमणीतून काळा, नाकाला झोंबणारा धूर येत असेल, तर तू निम्मं लाकूड आभाळाला जेवू घालतेयस. पहिली शंका ओल्या लाकडाची. दोन ओंडके एकमेकांवर आपट. टणकन वाजले तर वाळलेले, ठप्प वाजले तर ओले. ओल्या लाकडाची आग आधी स्वतःचंच पाणी उकळत बसते, तुझं पाणी तापवायला तिच्यात दम उरत नाही. तुझ्याकडच्या राशीत खालचे थर ओले असणार, पावसात झाकलेच नसतील.

दुसरं म्हणजे तुझी सवय. मी तुला ओळखतो. एकदा पोटभर कोंबायचं, दार लावायचं आणि गिऱ्हाइकाकडे पळायचं. तसं केलंस की पाणी तापल्यावर हवेचं झाकण आपोआप मिटतं, आत आग गुदमरते आणि तासन्‌तास धुमसत राहते. लाकूड जळतं, ऊब मिळत नाही आणि चिमणीला डांबर धरतं ते वेगळंच. बारीक फोड, थोडं थोडं घाल, पण भडकून जळू दे. राख रोज काढ. आतल्या भिंतींवरची काजळी खरवड, तिच्या पलीकडेच पाणी असतं, काजळीचं पांघरूण असेल तर ते तापणार कसं? दारात कागदाची पट्टी ठेवून दार लाव. पट्टी ओढल्यावर सहज सुटली तर दाराच्या कडेची, हवा अडवणारी दोरी गेली, ती बदल.

मुळात तुझ्या एका घराच्या मानाने भट्टी मोठीच आहे, आणि मोठी भट्टी जास्त धुमसते. म्हणून एवढी काळजी घ्यावी लागते.

एक लक्षात ठेव. भट्टीच्या मागचं पत्र्याचं झाकण उघडू नकोस. तिथले पाइप आणि व्हॉल्व्ह मी स्वतः बसवलेत, त्यात खोट नाही.

दादा


३ डिसेंबर

दादा,

गेले दहा-बारा दिवस मी केस कापते की लाकडं, हे मलाच कळेनासं झालंय. सगळं केलं. परसात ओंडके आपटत उभी असते, येणारी-जाणारी म्हणतात, बाईचं दुःखाने डोकं फिरलं. खालचा थर खरंच ओला निघाला, तो भट्टीच्या आडोशाला उभा करून वाळत ठेवलाय. काजळी खरवडली. तोंडावर एवढी बसली की नर्सबाई मला ओळखेनात. दाराची दोरी गेलेली होती, नवी बसवली. गुण आला, खोटं कशाला बोलू? धूर जवळजवळ दिसेनासा झाला आणि चिमणी हसायला लागली.

पण दादा, लाकूड! कमी लागतंय, तरी अजून नर्सबाईंच्या बहिणीच्या दीडपट लागतंय. भट्टी भडकून जळते, धूर नाही, लाकूड वाळलेलं. मग ऊब जाते कुठे? घरात तर मी स्वेटर घालून बसते.

आणि तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मी अडकलेय. चहात साखर घालताना चमचा सपाट करून घेणारा तू, एका घराला मोठी भट्टी देशीलच कशी? कारखान्यात लोक तुला मापाचा माणूस म्हणायचे. चुकलास म्हणू की लपवतोयस म्हणू?

धाकटी


९ डिसेंबर

धाकटे,

किती शंका काढशील? जावईबापूंनी मोठी मागितली, मी मोठी दिली. पुढेमागे पार्लर वाढवायचं म्हणाले असतील. इतक्या वर्षांनी मला काय आठवतंय.

तू छान सुधारणा केलीस. आता तेवढ्यावर समाधान मान. पार्लरचं दार सारखं उघडं राहत असेल, खिडक्यांच्या फटी असतील, ऊब तिथूनच जात असणार. लाकूड कमी पडलं तर कळव, मी इथून गाडीभर पाठवतो. मार्चमध्ये येऊन सगळं स्वतः बघतो. तोवर मागच्या झाकणाला हात लावू नकोस. कढत पाणी अंगावर येईल, भाजशील. भावाचं एवढं ऐक.

दादा


१५ डिसेंबर

दादा,

भावाचं ऐकलं नाही. तू दोनदा नको म्हणालास म्हणूनच उघडलं.

परवा रात्रभर बर्फ पडलं. सकाळी परस पांढरं शुभ्र, आणि भट्टीपासून माझ्या घरापर्यंत जमिनीवर पुसटशी ओली रेघ. मला वाटलं, हेच ते, खाली पाइप आहेत म्हणून बर्फ वितळलं. मग मागे वळले. दुसरी रेघ होती. चांगली रुंद, काळी ओली माती दिसत होती, आणि ती सरळ मधल्या भिंतीखाली शिरली होती. मी खुर्चीवर चढून पलीकडे पाहिलं. रेघ जाऊबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत गेली होती.

पान्याने मागचं झाकण काढलं. पाइप चार होते, दादा. माझ्या घराला दोन पुरतात, एक जायचा आणि एक यायचा. उरलेले दोन त्या घराचे, आणि त्यांना तू वेगळा व्हॉल्व्ह बसवलास, लाल मुठीचा.

त्या बाईने भर पार्लरमध्ये, पाच बायकांसमोर काय म्हटलं होतं ते तुला ठाऊक आहे. "हिला स्वतःचं पोर नाही, म्हणून जगाच्या पोरांची डोकी कुरवाळत बसते." त्या दिवशी मी ह्यांना माझी शपथ घातली होती, त्या घराशी आपला संबंध संपला. हे हो म्हणाले. मान डोलावून हो म्हणाले! आणि मग वर्षानुवर्षं माझ्या नाकाखालून तिला ऊब पुरवली. तूही त्यात सामील.

तरीही गिळलं असतं मी. पण हे गेले कसे, ते आठव. राशीपाशी, हातात कुऱ्हाड. छातीत कळ आली आणि फोडलेल्या लाकडांवरच पडले. मी तेव्हापासून म्हणतेय, एवढी लाकडं कशाला फोडत होता हा माणूस, आपण दोघंच तर होतो. आता कळलं. निम्मी तिची होती.

मी लाल मूठ फिरवली. पुढे फिरेना तोवर फिरवली.

काल दिवसभर लाकूड मोजून घातलं. निम्म्याच्याही खाली आलं. तुझी मोठी भट्टी आता एका घरासाठी रुसल्यासारखी धुमसते आणि पुन्हा काळा धूर काढते, पण काढू दे. घर असं गरम झालंय की खिडकी उघडावी लागली. तिला थंडी वाजत असेल तर तिने तिची चूल पेटवावी. हात आहेत, लाकूडवाला आहे, तोंड तर आहेच.

आता यावर सारवासारव करू नकोस.

धाकटी


२० डिसेंबर

धाकटे,

पत्र वाचून होण्याआधी व्हॉल्व्ह उघड. मग पुढचं वाच.

शेजाऱ्याला सांगून तुझ्याकडे फोन लावत होतो. तो म्हणाला वादळाने तुमच्याकडच्या लाइनी पडल्यात, घंटीच वाजत नाही. म्हणून हे जलद टपालाने टाकतोय.

त्या घरात चूल नाही. मी माझ्या हातांनी काढली आणि चिमणी विटांनी बुजवली. थोरल्या जाऊबाईंची फुफ्फुसं गेलेली आहेत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात लाकडाची आग नको, धूर नको, पुढचा हिवाळा काढायचा असेल तर कोरडी ऊब हवी. त्यांचा मुलगा परदेशात, त्याने विजेचा हीटर आणून दिला होता, तो पहिल्याच महिन्यात बंद पडला. म्हणून आग परसात ठेवायची, नि घरात फक्त गरम पाणी न्यायचं, असं ठरलं. भट्टी त्यांच्यासाठीच आली. तुझ्या पार्लरचं निमित्त होतं. तू मावशीच्या आजारपणाला गेली होतीस ते पंधरा दिवस आम्ही खणत होतो.

मी जावईबापूंना म्हणालो होतो, तुम्ही शपथ घेतलीय. ते म्हणाले, "मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही, शब्द दिलाय. पाइप जाईल." आणि खरंच त्यांनी पाऊल ठेवलं नाही.

मी मागच्याच पत्रात हे सांगायला हवं होतं. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळत बसलो. मला वाटलं, तू झाकण उघडणार नाहीस. मी तुला ओळखतो असं म्हणतो ना? काही ओळखत नाही.

उघडलास का? नसेल तर ऊठ.

दादा


६ जानेवारी

दादा,

तुझं पत्र चोवीसला आलं, तेव्हा मी नर्सबाईंचं डोकं धूत होते. ओल्या हातांनी फोडलं. "त्या घरात चूल नाही" इथपर्यंत वाचलं आणि तशीच बाहेर पळाले.

आधी भट्टीपाशी गेले आणि लाल मूठ फिरवली. पलीकडून भसाभसा पाणी कोसळल्याचा आवाज आला. इतके दिवस पाणी न फिरल्यामुळे त्यांच्या घरातले पाइप गोठून फुटले होते. भट्टी रिकामी झाली असती, म्हणून ती मूठ मला पुन्हा आवळावी लागली. दादा, दुसऱ्यांदा, ह्याच हातांनी.

मग भिंतीला वळसा घालून गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. खिडक्यांना आतल्या बाजूने बर्फ, नळाला बर्फ, कपात राहिलेल्या चहाचासुद्धा बर्फ. जाऊबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर होत्या. घरातले असतील नसतील ते सगळे कपडे अंगात, त्यावर गादी गुंडाळलेली. समोर गॅसची शेगडी, तिचा सिलिंडर कधीच संपलेला. ओठ निळे. मी मारलं जाऊबाईंना, एवढंच डोक्यात.

मग त्यांनी डोळे उघडले. मला म्हणाल्या, "आलीस? लाकडं संपली ना गं? मला वाटलंच. एकट्या बाईने फोडायची तरी किती."

मी विचारलं, "जाऊबाई, हाक का नाही मारलीत? भिंतीवर एक दगड आपटायचा!"

"कशी मारणार? तुझी अट होती ना, आभार मानायला यायचं नाही, तो विषय काढायचा नाही. तुझ्या दादांनी तेव्हाच निक्षून सांगितलं होतं. म्हणाले, धाकटी पाठवतेय, पण तिला बोललेलं खपणार नाही. मी तुला एवढं लागेल असं बोलले, आणि तू मला जगवलंस. मग मी तुझी अट मोडू होय? आधीच भाऊजी गेले, तुला लाकूड पुरेना झालं असेल, त्यात मी दारात येऊन उभी राहू?"

दादा, हे तुझ्या पत्रात नव्हतं. एवढं तू अजूनही लपवलंस. मला न विचारता तुम्ही दोघांनी मला चांगली करून ठेवलीत, आणि मला पत्ताच नाही. ती बाई अकरा वर्षं भिंतीपलीकडे माझे उपकार मानत बसली होती, आणि मी भिंतीअलीकडे तिच्या नावाने बोटं मोडत होते.

नर्सबाई डोक्याला साबण तसाच घेऊन धावत आल्या. आम्ही दोघींनी त्यांना गादीसकट लाकडांच्या हातगाडीवर घातलं आणि माझ्या पार्लरमध्ये आणलं. नर्सबाई नसत्या तर मी त्यांना थेट गरम पाण्यात बसवलं असतं आणि तिथेच संपवलं असतं. त्यांनी हळूहळू ऊब दिली, अंगाला अंग लावून. एका बाजूने त्या, एका बाजूने मी. रस्ता मोकळा झाल्यावर दवाखान्याची गाडी आली.

वाचल्या. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, छातीत पाणी झालंय, पण डॉक्टर म्हणतात घरी जातील. कुठल्या घरी, ते मी सांगून टाकलंय. माझ्या. पार्लरमागची खोली रिकामी केलीय. पाइप दुरुस्त करायला तू मार्चमध्ये ये, पण त्या आता तिकडे एकट्या राहणार नाहीत.

हे सगळं लिहिलं, पण जे लिहायला बसले ते राहिलंच.

काल दवाखान्यात मी त्यांना खरं सांगितलं. म्हटलं, "जाऊबाई, लाकूड संपलं नव्हतं. रास तशीच पडलीय. ऊब मी कधीच पाठवली नाही, मला माहीतच नव्हतं. कळलं त्या दिवशी मी व्हॉल्व्ह बंद केला. मुद्दाम केला."

त्या हसल्या. "काहीतरीच! दमलीयस तू. माणूस गेलं की असंच होतं, जगातलं सगळं वाईट आपणच केलं असं वाटतं."

मी पुन्हा सांगितलं. लाल मुठीचं, पुढे फिरेना तोवर फिरवल्याचं, सगळं. त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या बाईला हाक मारली आणि म्हणाल्या, "ही माझी धाकटी जाऊ. इतकी वर्षं मला हिनेच तगवलं, आणि आता बघा, माझ्या बोटांचा दोष स्वतःवर घेतेय."

तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्यांनी पट्ट्या बांधलेला हात माझ्या ओठांवर ठेवला.

नर्सबाई म्हणतात, तुम्हाला काय माहीत होतं? डॉक्टर म्हणतात, वेळेवर आणलंत. मला कुणी काही बोलतच नाही रे. दादा, तू तरी मला शिव्या दे. घसघशीत दे, आणि लगेच लिही.

धाकटी